निपाणीहून येणारी गोळी

रिपोर्ट नॉर्मल आला की आमच्या घरात वहिनी रडायची. अण्णा लॅबमधून पाकीट घेऊन यायचा, चपला काढता काढताच "काही नाही, सगळं नॉर्मल आहे" म्हणायचा, आई देवापुढे साखर ठेवायची, आणि वहिनी स्वयंपाकघरात सगळ्यांकडे पाठ करून उभी राहायची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजायचे. तरी पोराला आजार नाही म्हटल्यावर या बाईला रडायला काय झालं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. पोटात जंत नाहीत, कान चांगले आहेत, रक्त चांगलं आहे. मग पोरगं असं का? तर आईचं वळण तसं. प्रत्येक चांगल्या रिपोर्टने एकेक आजार बाद व्हायचा आणि संशयित म्हणून तिच्यावरचं बोट आणखी घट्ट रोखलं जायचं.

हे सगळं चामराजपेटेतलं, नव्वदच्या दशकातलं. आमचं घराणं शिंप्याचं, बंगळुरात चार पिढ्या काढलेलं. आमचं मराठी ऐकून पुण्याचे लोक गालातल्या गालात हसतात, हसोत बापडे. भावाला आम्ही अण्णा म्हणतो, त्याचा मुलगा आईला अम्मा म्हणायचा, आणि भांडण जुंपलं की सगळं घर कन्नडवर यायचं. वडील गेल्यापासून चिकपेटेतलं कापडाचं दुकान अण्णाकडे आणि घर आईकडे होतं. वहिनी निपाणीची. लग्न होऊन आली तेव्हा मोठ्याने हसणारी, गाणी म्हणत भाकऱ्या थापणारी मुलगी होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे आलेल्या लोकांनी तिला तशी पाहिलीच नाही.

आणि पोरगा. त्याचं नाव इथे घेणार नाही. तो आता मोठा माणूस आहे, आणि त्याला हे सगळं आठवत नसेल अशी माझी वेडी आशा आहे.

पाच वर्षांचं पोर किती त्रास देऊ शकतं, असं लोक विचारायचे. त्यांना मी म्हणायचे, एक दिवस घेऊन जा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा आणि उठल्यापासून पळायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाय दुखेपर्यंत, मग पाय दुखतात म्हणून किंचाळत. हातात येईल ते फेकायचा. गरम इस्त्री एकदा माझ्या पायाशी येऊन पडली. चावायचा तर दात रुतेपर्यंत, आणि सोडवायला गेलं की आपलंच डोकं जमिनीवर आपटून घ्यायचा. दुपारी घटकाभर डोळा लागला तरी घर चवड्यांवर चालायचं. दोन बालवाड्यांनी त्याला परत पाठवला. दुसऱ्या बालवाडीच्या बाई घरापर्यंत आल्या आणि आमच्याच उंबऱ्यात उभं राहून, आमचं पाणीही न घेता, "इतर पालक तक्रार करतात" म्हणून गेल्या. एकदा त्याने डोक्याने अशी धडक दिली की वहिनीचा ओठ फाटला, टाका घालावा लागला. सगळा मार तिच्याच वाट्याला, कारण दिवसभर त्याच्याजवळ तीच असायची. अण्णा सकाळी लवकर दुकानात जायचा आणि शटर ओढल्यावरही उगाच कापडाची ठाणं मोजत बसायचा. मला ऑफिस होतं. आईचे गुडघे होते.

विचित्र म्हणजे, सगळा त्रास झाल्यावर तो थकून वहिनीच्याच मांडीवर यायचा आणि तिच्या पदराचं टोक तोंडात धरायचा. ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, "वन्सं, हे माझं पोर नाही ओ. आत कुणी तरी दुसरंच आहे. माझं पोर हे, आत्ताचं." आई हे ऐकून कपाळाला हात लावायची. मलाही ते खुळ्यासारखं वाटायचं. आज वाटतं, तेवढं अचूक निदान त्या घरात दुसऱ्या कुणी केलं नाही.

आता गोळीचं सांगते. पोरगा दीड वर्षाचा असताना वहिनी मे महिन्यात त्याला घेऊन माहेरी गेली होती. तिथे त्याला कडक ताप आला आणि तापात फिट आली. हातपाय ताठले, डोळे फिरले. निपाणीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि पुन्हा येऊ नये म्हणून एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकवायची नाही, दोन वर्षांनी आणून दाखवा, असं त्यांनी बजावलं. वहिनी परत आली आणि तिने आईला सगळं सांगितलं. आईने पहिल्यांदा दार लावून घेतलं.

कारण मी होते. माझं लग्न व्हायचं होतं. आमच्या समाजाची बंगळुरातली घरं मोजकी, कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्या झाल्या तेही संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. घराण्यात फिट आहे अशी कुणकुण लागली की त्या घरातली मुलगी संपली. मग ताप होता की काय होतं, हे विचारत बसायला कुणाला वेळ नसतो. म्हणून ठरलं की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही. गोळीही इथल्या मेडिकलमधून घ्यायची नाही. वहिनीचे वडील दर महिन्याला ओळखीच्या माणसाबरोबर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवायचे, त्यात तळाशी कागदात बांधलेल्या गोळ्या असायच्या. पोरगा असा अंगावर येणारा झाल्यावर त्याला घेऊन निपाणीपर्यंत बसने जायची कुणाची छाती झाली नाही. दोन वर्षं उलटली, तिसरं उलटलं, डबा येत राहिला. फिट पुन्हा आली नाही, म्हणजे गोळी लागू पडली, म्हणजे गोळी देत राहायची. वहिनी ती मधात कुटून द्यायची. आमच्या घरात दूध उतू जायचं, वेळेवर काही व्हायचं नाही, पण ती गोळी कधी चुकली नाही.

हळूहळू तो असा झाला. एका दिवसात झाला असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. पोरं या वयात हट्टी होतातच, म्हणता म्हणता आम्ही सगळेच त्यात बुडालो.

मग डॉक्टर सुरू झाले. आई प्रत्येक वेळी बरोबर जायची. पहिल्याने जंत म्हटलं, औषध दिलं. वहिनी आठवडाभर देवाला सांगत होती की जंत निघू देत. निघाले नाहीत. मग कुणी म्हणालं, ऐकू कमी येत असेल म्हणून चिडत असेल. कान तपासले, घड्याळाची टिकटिकही ऐकू येत होती. मग रक्त, मग थायरॉईड, मग घशातल्या गाठी फुगल्या असतील म्हणून झोप लागत नसेल. प्रत्येक शंकेबरोबर वहिनीच्या तोंडावर जरा रंग यायचा. मला विचारायची, "थायरॉईड म्हणजे गोळी घेतली की बरं होतं ना ओ?" बाकीच्या आया पोराला रोग नसावा म्हणून उपास करतात, ही रोग असावा म्हणून करायची. आणि पाकीट यायचं, आणि नॉर्मल.

एकदा मी घरात असताना आईने तिला ऐकवलं, "बघ, सगळे सांगतात पोर ठणठणीत आहे. आता तूच काय ते बघ." आई वाईट बाई नव्हती. ती माझी आई होती, आजारपणात माझे पाय रात्रंदिवस चेपणारी. पण त्या दिवशी तिच्याकडे पाहून मला चीड आली आणि मी काही बोलले नाही, कारण तेव्हा मलाही मनातून थोडं तसंच वाटत होतं.

पोरगा सहाव्या वर्षात असताना मला एक स्थळ आलं. मुलगा पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत कामाला, तिकडेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. त्याची आई खास बघायला येणार होती. पुण्याचे लोक म्हणून आईच्या अंगात वारं शिरलं. पोहे करायचे की आपलं उप्पीट, यावर घरात वाद झाले, शेवटी दोन्ही झालं आणि वर केसरीभात. प्रश्न पोराचा होता. त्याला मागच्या खोलीत झोपवायचं ठरलं. ती गोळी सुरू केली तेव्हा पहिल्या आठवड्यांत तो गुंगीत असायचा, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिने वहिनीला सांगितलं, "आज अर्धी जास्त दे. झोपेल."

वहिनीची तयारी नव्हती. पण त्या घरात तिच्या तयारीला कोण विचारत होतं! तिने दिली.

पाहुणे बसले, कॉफी आली, मी ट्रे घेऊन खाली मान घालून उभी राहिले, आणि मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. डोळे तांबारलेले, चाल झिंगल्यासारखी, आणि तोंडाने एकसारखा आवाज. टेबलावरचं कापड त्याने असं ओढलं की सगळ्या पेल्यांसकट ते मुलाच्या आईच्या रेशमी साडीवर गेलं. मुलगा चांगला होता बिचारा, "अरे, अरे, काय झालं?" म्हणत त्याला उचलायला वाकला, तर याने त्याच्या मनगटाचा चावा घेतला. अण्णाने ओढून बाजूला केलं तेव्हा मनगटावर रक्त होतं.

साडी झटकत त्या बाईंनी विचारलं, "याला काही आहे का?"

"छे हो," आई म्हणाली. "ठणठणीत आहे. लाडावलाय. आईचं वळण नाही, दुसरं काय."

वहिनी दारातच उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "होय, माझंच चुकतं." मग खाली बसून फुटलेल्या काचा वेचायला लागली. मी हातात रिकामा ट्रे घेऊन तशीच उभी होते. त्या क्षणी मला लग्न नको होतं, पुणे नको होतं, काही नको होतं.

पत्रिका जुळत नाही असा मध्यस्थाकडून निरोप आला. त्या संध्याकाळी आईने निकाल दिला. तुमकूरकडे एका मठाची शाळा होती, तिथेच राहायची सोय. लहान पोरं ठेवून घेतात, शिस्तीत वाढवतात, कितीतरी वाया गेलेली पोरं तिथे माणसात आली आहेत. माझं लग्न होईपर्यंत तरी त्याने तिथे राहावं. अण्णा खाली बघून म्हणाला, "सरी." आमच्याकडे हो म्हणायला हा कन्नड शब्द आहे, आणि माझ्या भावाने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा तोच वापरला.

वहिनीने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तिथे आली आणि माझा हात धरला. "वन्सं, एक शेवटचा डॉक्टर. तोही काही नाही म्हणाला तर मी स्वतः त्याची ट्रंक भरते. पण तिथे तो मार खाईल ओ. तो चावणार आणि ते मारणार. एवढंसं पोर मरून जाईल."

ऑफिसातल्या एका बाईने जयनगरातल्या लहान मुलांच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं. आईचे गुडघे त्या आठवड्यात सुजले होते, ऑटोत चढणं शक्य नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच वहिनीबरोबर मी गेले.

डॉक्टर वयस्कर होते, कन्नड बोलणारे, घाई नसलेले. पोरगा त्यांच्या टेबलाखाली शिरला, वजनकाटा उलटा केला, पडदा ओढून खाली पाडला. ते बघत राहिले. त्यांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला नाही आणि वहिनीकडे त्या नजरेने पाहिलंही नाही. जन्माच्या वेळेपासून एकेक विचारत गेले. वहिनी उत्तरं देत होती, पाठ केल्यासारखी. कधी डोक्याला मार? नाही. कधी फिट? नाही. मी दचकले, पण म्हटलं, तापातली फिट ही हिशेबात धरत नसतील.

"आता कुठलं औषध चालू आहे?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"असं कसं?" मी म्हणाले. "गोळी आहे की. सकाळ-संध्याकाळ. त्याला लहानपणी फिट आली होती तेव्हापासून."

वहिनीने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. ही गोष्ट लोकांपासून लपवायची आहे हे मला ठाऊक होतं. आमच्या घराने डॉक्टरांनाही लोकांतच धरलं होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुठली गोळी, किती, कधीपासून, हे मी सांगत गेले. माझ्या पर्समध्ये डोकं दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पोराच्याही दोन गोळ्या पडलेल्या होत्या, कारण बाहेर जाताना वहिनी कधी कधी माझ्याकडे ठेवायला द्यायची. त्या त्यांनी तळहातावर उलटसुलट करून बघितल्या. मग सावकाश, सोप्या कन्नडमध्ये त्यांनी सांगितलं. ही गोळी वाईट नाही, फिट थांबवते. पण काही मुलांना ती उलटी पडते. झोप उडते, चिडचिड होते, मूल एका जागी राहू शकत नाही, मारतं, चावतं. सगळ्यांना होत नाही. याला तेच झालं असेल असं आत्ताच छातीठोक सांगता येणार नाही, काढून बघावं लागेल. आणि तापातली फिट तर बहुतेक मुलांना वय वाढल्यावर आपोआप येईनाशी होते. एवढी वर्षं द्यायची बहुधा गरजच नव्हती.

माझ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. खरं सांगते, मला हसू आलं. एवढंच? एक गोळी? मी वहिनीकडे वळले, तिला मिठी मारावी म्हणून.

ती डॉक्टरांकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे मी केलं."

"तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या हातानं. मधातनं."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "एकदम बंद करायची नाही, बरं का. एकदम बंद केली तर मोठी फिट येईल, जीवावर बेतेल. स्वल्प स्वल्प, निधान. थोडी थोडी कमी करत जायची. काही महिने लागतील." ते त्यांनी दोनदा सांगितलं, आणि माझ्याकडूनही म्हणून घेतलं.

परत येताना ऑटोत पोरगा मीटरला लटकत होता. ऑटोवाला ओरडला, "अक्का, स्वल्प हिड्कोळ्ळि!" मी पोराला धरलं. वहिनीने हात पुढे केला नाही. बाहेर बघतच म्हणाली, "वन्सं, शपथ मोडली."

मग तिने सांगितलं, आणि मला सगळं कळलं. निपाणीहून आली त्या दिवशी, दार लावून घेतल्यावर, आईने तिला पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. फिटचं आणि गोळीचं कुणाला सांगणार नाही, डॉक्टरलासुद्धा नाही, सांगितलं तर या पोराचं बरंवाईट होईल. आमच्याकडे अशी शपथ चेष्टेतही कुणी घेत नाही. जिने पोरासाठी सगळे देव पालथे घातले, ती डॉक्टरांपुढे बसून खोटं बोलत होती ते त्याच पोराला जपायला म्हणून. आणि त्या जपण्यानेच ते पोर असं झालं होतं. मला आईचा इतका राग आला की ऑटो वळवून दुसरीकडेच जावं असं वाटलं. पण जायला दुसरं घर नव्हतं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाहेर बाकड्यावर आपल्यातलं कुणी होतं का?"

मग ते कमी करणं सुरू झालं. गोळी ब्लेडने अर्धी करायची, पुढे पाव करायची. ती द्यायची कुणी, हा प्रश्न होता. अण्णा म्हणाला, त्याच्याने हे होणार नाही. जणू वहिनीच्याने होत होतं! संध्याकाळची मी घेतली. सकाळची तिलाच द्यावी लागायची. आता तिला ठाऊक होतं की ती काय देते आहे, आणि न देऊन चालणार नव्हतं. ती चमचा हातात धरून पोरापुढे बसायची, तो तोंड उघडायचा, आणि ती चमचा पुढे करेचना. मग डोळे मिटून द्यायची. मी ऑफिसला निघताना दाराआडून हे बघायचे. एकदा तिला म्हटलं, "वहिनी, कमी होतेय ना पण." ती म्हणाली, "विष कमी कमी देतेय, असं म्हणा." मी पर्स उचलून निघाले.

त्याच्यात फरक पडला. आधी झोप आली. मग पळणं कमी झालं. एक दिवस तो ताटासमोर मांडी घालून बसला आणि ताक-भात पूर्ण जेवला, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे चोरून बघत होतो. गोळी सुटली तेव्हा तो सातव्या वर्षात होता. फिट परत आली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. थोडा हूड राहिला, अभ्यासात मागे होता, पण ते इतर मुलांसारखं. मठाचं नाव परत निघालं नाही. तिसऱ्या शाळेने त्याला ठेवून घेतला.

आई शेजारणींना सांगायची, "नवस बोलले होते ना मी. वयाबरोबर शहाणा झाला पोरगा." गोळीचा उच्चार तिने मरेपर्यंत केला नाही. अण्णाने वहिनीला एक साडी आणली, हिरवी, आणि कपाटात ठेवली, हातात दिलीही नाही. इतकी वर्षं तिला 'आईचं वळण' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडून चुकलो म्हटलं नाही. मला वाटायचं की आता वहिनी परत हसेल, भाकऱ्या थापताना गाणी म्हणेल. घरातल्या सगळ्यांना तसंच वाटत होतं. पोरगा बरा झाला म्हणजे मामला मिटला, असं आम्ही धरून चाललो होतो.

शाळा सुरू झाल्यावरचा एक शनिवार. माझं ऑफिस अर्धा दिवस होतं. मी ओसरीत केस वाळवत बसले होते, वहिनी पलीकडे सुपात तांदूळ निवडत होती. पोरगा शाळेतून आला. बाईंनी त्याच्या तळहातावर लाल पेनाने चांदणी काढली होती, चांगलं वाचलं म्हणून, त्याच्या आयुष्यातली पहिली. मला तो दारातूनच ओरडून सांगत होता. आणि मग ती चांदणी अम्माला दाखवायला, हात उंच करून, तो तिच्याकडे धावत सुटला.

वहिनीने सूप टाकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अंग आक्रसून, भिंतीला टेकून बसली. तांदूळ सगळीकडे सांडले.

तो जागच्या जागी थांबला. हात अजून वरच होता. त्याने हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अम्मा," तो म्हणाला, "मी मारायला नाही आलो."

वहिनीने हात काढले तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. तिने त्याला जवळ ओढलं, तळहात उघडून बघितला, चांदणीचा मुका घेतला, सगळं केलं. तो उभा राहिला, हूं म्हणाला, आणि तांदूळ गोळा करायला लागला.

पुढे माझं लग्न झालं, दुसऱ्या गावी. सुट्टीत माहेरी यायचे तेव्हा बघायचे. तो शहाणा, गुणी मुलगा झाला होता, सगळे कौतुक करायचे. गल्लीत पोरांबरोबर धावायचा, माझ्या अंगावर उड्या मारायचा. अम्माजवळ जाताना मात्र तो कधी धावला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून, तिला लांबूनच दिसेल असा, सावकाश चालत जायचा.